साकु

तिकिटांचा पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे.
दोन रुपयांच्या कप्प्यात आता बारक्या पाकळ्या,
त्या फोडणीला.
लांब पल्ल्याच्या कप्प्यात बियाण्याच्या,
अंगठ्याच्या पेराएवढ्या, जांभळट सालीच्या,
नीलव्वानं बैलहोंगलहून माहेरच्या पिशवीत आणलेल्या
आणि भिंतीवरून मोजून दिलेल्या : अरवत्तु.
साठ.
पैसे नकोत म्हणाली. साठ परत दे.

दिवाळीला आठ दिवस.
उचगावची तांबडी माती, परसात दीड वाफा,
वरचा अर्धा आक्काताईच्या अबोलीचा,
त्यात बोट घालायचं नाही.
कुजलेलं शेण, चुलीची चाळलेली राख,
निंबोळी पेंड, तिच्या वासानं मांजर पळालं.
मग पाकळी, शेंडा वर,
चार बोटं सोडून दुसरी.
तीस वर्षं मी माणसांना ओरडत आलो
सरका, मुंद होग्री, मागं जागा आहे,
एका बाकावर चौघं, कोंबडी मांडीवर.
इथं उलटं.
इथं दाटी केली की कुणालाच बसता येत नाही.

मागच्या साली काय केलं ते सांगतो,
आक्काताईला माहीत आहेच.
बाजारातलं बी लावलं होतं.
पात बोटभर झाली आणि मला राहवेना.
मूठभर युरिया. आठ दिवसांनी मूठभर.
नीलव्वा नको म्हणाली म्हणून रात्री, बॅटरी लावून,
जसा काही चोरून विडी ओढतोय.
काय पात आली!
गुडघ्याच्या वर, काळीभोर हिरवी.
बेकिनकेऱ्याला जाणारी माणसं सायकल थांबवायची.
मी बनियनवर उभा, हात कमरेवर.

शिमग्यानंतर उपटलं.
जाड मान, खाली मुळ्यांची दाढी,
आणि गड्डा म्हणून जे होतं
ते सोललं तर आत पाकळीच नाही,
नुसती सालीवर साल.
नीलव्वानं एक हातात घेऊन हलवलं,
कानाजवळ नेलं, खुळखुळा असल्यासारखं.
म्हणाली, कंडक्टर मामा,
बेकु तेवढं लवकर शिकलासा.
साकु कवा शिकणार?

खरंच की. पहिल्या महिन्यात डेपोत शिकलो होतो ते
बेकु, चिल्लरे, इळीरि.
हवं, सुटे, उतरा.
पुरे म्हणायची वेळ त्या गाडीत कधी आलीच नाही.
एकदा बसच्या पाटीला डांबर फासलं कुणीतरी,
कुठलं गाव ते दिसेना.
तरी माणसं चढली.
रस्ता ठरलेला, खड्डे ठरलेले.

तर यंदा.
तिसाव्या दिवशी एकदा शेणाची पातळ स्लरी,
पंचेचाळिसाव्या दिवशी एकदा.
मग पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं
आणि गाठ आक्काताईकडून मारून घेतली.
पौषात धुकं इतकं की वाफा दिसत नव्हता.
वाकून हात फिरवला, पात मनगटाला लागली,
थंड, ओली, जरा पिवळी वाटली.
हात आपोआप पोत्याकडे.
भिंतीपलीकडून खोकला.
तिला थंडीचा होतो, मला माहीत आहे,
तरी हात मागं घेतला.

माघ सरता सरता शेंडे वाळले, पाणी तोडलं.
तहानलेलं काहीतरी घरामागं ठेवून झोपणं
जड गेलं, तीन आठवडे.

काढले. माती झाडली. सावलीत पसरले.
परत द्यायच्या साठ निवडायला बसलो
तर मोठ्या, निरोगी, जांभळट अशा
ऐवत्तोंबत्तु.
साठावी होती, पण बुडाला मऊ लागली.
तसली बियाण्याला द्यायची नाही.
डब्याच्या तळाशी जुनं गुलाबी तिकीट सापडलं,
सुटे नसले की मागं लिहून द्यायचो तसं लिहिलं,
१ येणे,
खाली सही.

तिला मराठी वाचता येत नाही.
उलटंसुलटं करून बघितलं,
घडी घालून कनवटीला खोवलं.
दसऱ्याला मागायला येईल. सोडणारी नाही.