नखं

सुवर्णवचन सगळ्यांचं पाठ होतं.
एल्याझरनं तर एका दमात म्हटलं
आणि बक्षिसाची पेन्सिल नेली.
मी फळा पुसला,
पिशवीतून नेलकटर काढले. चार.

शब्बाथशाळा निघाली मिरजेच्या उन्हात,
दवाखान्याच्या भिंतीकडेनं,
तंतुवाद्यांच्या गल्लीत.

दस्तगीरचाचांना आता फारसं दिसत नाही.
ओसरीवर तंबोऱ्याचे भोपळे वाळत होते,
त्यांच्यात तेही, तसेच, भिंतीला टेकून.
तबिता पाय धुऊ लागली.
शलमोननं नाक मुरडलं, मग तांब्या धरला.
एल्याझरला घाई.
एक बोट, दुसरं, तिसरं,
टक् टक् टक्,
चाचांचा हात जणू त्याचा गृहपाठ.

"थांब पोरा. अंगठा राहू दे.
जवारीचा उतार डोळ्यांना कधीच कळत नव्हता,
या नखाला कळतो."
आणि चाचपडत जवळचा तंबोरा ओढून
त्यांनी तारेवर नख टेकवलं.

सूर ओसरीभर राहिला.
नेलकटर मिटायचं
एल्याझरच्या ध्यानातच आलं नाही.

परतताना कुणी फारसं बोललं नाही.
शलमोनला भूक लागली होती, एवढंच.
माझ्या वहीत लिहिलेलं : पाठ तिसरा, सेवा.
त्यापुढे काय लिहावं
ते रात्रीपर्यंत सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मार्थाआजींकडे गेलो.
एल्याझर उंबऱ्याबाहेरच थांबला,
हात मागे बांधून.
"आजी, कुठलं ठेवू?"

आजींना काही कळेना.
त्यांना तर सगळीच कापून हवी होती.