पूर्ण सात दिवस

नोटिशीत लिहायचं असतं, पूर्ण सात दिवस.
म्हणजे कागद निघाला तो दिवस धरायचा नाही,
सुनावणीचा धरायचा नाही.
मधले सात.
हे मला कुंभोजकर अण्णांनी शिकवलं
बोटांच्या पेरांवर.

आणखी एक शिकवलं, नियमात नसलेलं.
लोक म्हणतात तारीख पडली.
पडत नाही पोरी, सोडतात.
बंधाऱ्याचे बरगे काढतात तशी,
पाणी कुणाच्या रानात जाणार ते बघून.

बाळाबाई कोंडीराम भोई, तालुका शिरोळ.
अर्ज आवक, अकरा मार्च.
विषय, नदीतले मेलेले मासे.
सोबत फोटो चार, बाटली एक.
बाटलीचं काय करायचं कुणाला कळेना,
आवक नंबर कागदाला असतो, पाण्याला नाही.
मी बुचावर चिकटपट्टी लावून लिहिलं
२३१८/अ
आणि कपाटात ठेवली, जुन्या मतदार याद्यांमागं.

एप्रिलात समिती येणार होती.
अधिवेशन लांबलं.
मेमध्ये येणार होती,
सर्किट हाऊसचे पडदे धुऊन इस्त्री करून झाले
आणि आदल्या दुपारी आचारसंहिता लागली.
जूनमध्ये समितीचीच मुदत संपली.
नवी झाली. तिच्यात जुने तिघे.
त्यातल्या एकाच्या मेव्हण्याचं प्रोसेस हाऊस
नदीला लागून आहे,
हे मी कुठल्या टिपणीत लिहिलेलं नाही.

मग मुंबईहून फोन,
ऑगस्टचा दुसरा आठवडा सोयीचा आहे.
अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तेव्हा राधानगरीची दारं उघडलेली असतात, म्हणाले,
नदी एवढी पसरते
की घाण कुठल्या काठाची, ते काठालाही सांगता येत नाही.
मी नोटीस टाइप केली.
सात दिवस मोजले. चोख भरले.

गणपूर्तीला तीन लागतात, तीन आले.
बंधाऱ्यावर छत्र्या धरून उभे राहिले.
गढूळ, लालसर, दांडगं पाणी.
बाई, मासे कुठायत?
बाळाबाईनं पदर खोचला.
मी मार्चात आलो हुतो साहेब.
आता नदी आंगूळ कराय लागल्या.
मळ बगायचा तर आंगुळीच्या आदी याचं.

कुणीतरी हसलं. छत्रीखाली कोण, दिसलं नाही.

मी पिशवीतून बाटली काढली.
अवर सचिव माझ्या कानाशी वाकले,
अगदी सभ्यपणे,
मॅडम, ही विषयपत्रिकेवर नाही.
नव्हतीच.
विषयपत्रिका मीच पाठवली होती,
पूर्ण सात दिवस आधी.

इतिवृत्तात वाक्य आलं,
पाहणीवेळी मृत मासे आढळून आले नाहीत.
तेही मीच टाइप केलं.
त्यात एकही चूक नाही.

जाताना बाळाबाईनं विचारलं, पुढली तारीख?
कळवू, म्हटलं.
कळवू हा शब्द किती वेळा वापरला असेल मी
चौदा वर्षांत.

बाटलीतलं पाणी आता वर नितळ झालंय,
काळं सगळं तळाला बसलंय.
हलू नये म्हणून कपाटाचं दार
मी दोन्ही हातांनी उघडते.

परवा पत्र आलं.
फेरसुनावणीसाठी जिल्हा कार्यालयाने
सोयीच्या तीन तारखा सुचवाव्यात.
मी तीन लिहिल्या, तिन्ही मार्चातल्या.
मार्चात अधिवेशन असतं, अण्णा म्हणाले.
शनिवार धरलेत, मी म्हटलं.

त्यांनी कॅलेंडर ओढलं,
बँकेचं, फुकट मिळालेलं,
अंगठा पेरांवरून फिरवत राहिले.
सही केली नाही.
कागद परतही दिला नाही.
साडेपाच वाजले तेव्हा
त्याच्यावर पेपरवेट ठेवून घरी गेले.