डबा

भुसावळात डबा म्हटलं की
एक तर रेल्वेचा, नाहीतर जेवणाचा.
तिसरा मी करतो, लेथवर.
पाण्याखाली न्यायचा.

सुपडू बाविस्कर पहिल्यांदा आला
तेव्हा काखेत ठिबकवाल्याच्या गोदामातला पाइपाचा तुकडा,
चार इंची, करडा, एका अंगाला उन्हानं पांढरा पडलेला.
म्हणाला, भो, यात बॅटरी बसव,
आणि तापी आत येऊ देऊ नको.
माप नाही, चित्र नाही.
चहासुद्धा अर्धाच प्याला.

जॅकवेलच्या जाळीत जलपर्णी अडकली
की नगरपालिका त्याला बोलावते.
कधी पोलीस बोलावतात.
कशासाठी, ते तो सांगत नाही,
मीही विचारत नाही.

पहिल्या डब्याला बूड चिकटवलं सोल्युशननं,
झाकणाला खाच पाडली, खाचेत रबरी रिंग,
आत स्कूटरची बॅटरी.
बटणासाठी भोक, वायरीसाठी भोक,
चार्जिंगसाठी आणखी एक.
तीन भोकांचं माझं शहाणपण.

चौदा फुटांवर दिवा गेला.
दोर चाचपत तो वर आला,
तसाच ओला दुकानात,
आणि लेथच्या पाठीवर डबा उपडा केला.
"घे. तुझी तापी."
गढूळ पाणी, तेजाबाचा वास,
लोखंडाच्या चुऱ्यात जलपर्णीचं एक मूळ.

रागावला असता तर बरं झालं असतं.

रात्री भिंगाखाली रिंग धरली.
तिच्यावर आडवा एक केस.
पांढरा. माझाच.
एवढ्या वाटेनं नदी येते.

आता झाकण लावताना डोक्याला टॉवेल बांधतो.
कोकिळा विचारते, न्हाव्याकडे बसलात का?

मग भोकं बुजवत गेलो.
बटण काढलं. आत काचेची इवली नळी,
नळीत दोन पात्या, एकमेकींना न शिवणाऱ्या.
बाहेरून जुन्या स्पीकरचं चुंबक सरकवलं
की पात्या आतल्या आत मिटतात
आणि भिंत न फोडता उजेड होतो.
त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं,
उगीच.

लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्यांतून जिते सेल वेचले,
मीटर लावून, एकेक,
कोकिळा सुपात तूर पाखडते तसे.
तर डबा हलका झाला, बुडेचना.
टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणून
बुडाशी ओतले, तेव्हा कुठे
पाण्यानं त्याला धड झेलायचंही सोडलं
आणि धड ओढायचंही.
मे महिन्यात मात्र त्याला माठाशेजारी ठेवतो.
सत्तेचाळीस अंशांत माणूस निभावतो, सेल नाही.

तपासणी केळीच्या मळ्यातल्या विहिरीत.
आत कालच्या पेपरची घडी, वर दगड, रात्रभर.
सकाळी झाकण उघडलं
आणि कठड्यावर बसून केळीचे भाव वाचले.
क्विंटलमागे चाळीस रुपये उतरले होते.
मळेवाला कपाळाला हात लावून उभा,
आणि मी हसतोय.

मला पोहता येत नाही.
सुपडू उतरतो तेव्हा दोराचं टोक माझ्या हातात असतं.
खाली उजेड आधी हिरवा,
मग चहासारखा,
मग आहे की नाही कळत नाही
असा.

परवा पुलाखालून वर आला,
बोलला नाही. हातपाय धुतले,
डबा गुडघ्यावर घेतला
आणि खिळ्यानं पाइपावर एक रेघ ओढली.
आधीच्या चार होत्या.
मला वाटायचं, दगडाला घासून पडल्या असतील.

म्हटलं, पाइप चिरायला लागलाय, नवा घालतो,
रेघा हव्या तर उतरवून देईन.
नको, म्हणाला.

म्हणून पाइप तोच ठेवलाय.
चिरेवर पत्र्याचा पट्टा आवळलाय, रेघा सोडून.
झाकण तिसरं, सेल नवे,
रिंग दर दोन महिन्यांनी.
आणि आवळताना मी श्वास रोखतो,
टॉवेल असला तरी.