थर्झा ऑकेंडनचा खण

लिंकन शहरात, कॅथीड्रलच्या टेकडीखाली
रेव्हरंड क्रेक यांच्या परसात पत्र्याची एक खोली होती.
भिंतीभर खण, खणांत चिठ्ठ्या,
चिठ्ठीवर एक शब्द, आणि तो कुठल्या ग्रंथात सापडला ते.
स्टुलावर थर्झा ऑकेंडन.
आठवड्याला नऊ शिलिंग,
थंडीत बोटं सुजायची ते वेगळं.

काम सोपं. चिठ्ठी वाचायची,
अक्षर बघायचं, खणात सारायची.
मत द्यायचं नाही.
मत द्यायला रेव्हरंड होते.

फेब्रुवारीत ‘लेडी’ आली.
जुन्या सॅक्सन बोलीत म्हणे, कणीक मळणारी.
आणि ‘लॉर्ड’? भाकरीवर पहारा ठेवणारा.
थर्झा एकटीच हसली.
हजार वर्षं झाली, हातमोजे चढले,
पहारा तेवढा उठला नाही.

‘हसी’ आली तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत.
पहिल्या चिठ्ठीत घरधनीण,
किल्ल्या कमरेला, दूधदुभतं हाताखाली.
दुसरीत नुसतीच कुणी बाई.
तिसरीत उठवळ.
मधल्या काळात तिनं असं केलं तरी काय
ते एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

‘हार्लट’ तर आधी पुरुष होता!
गावोगाव हिंडणारा भणंग, उडाणटप्पू.
कधीतरी त्यानं तो शब्द मळक्या कोटासारखा उतरवला,
वाटेतल्या एका बाईच्या खांद्यावर टाकला
आणि शीळ घालत पुढे गेला.

एप्रिलात धाकट्या केझायाचं लग्न ठरलं.
देवळात तीन रविवार पुकारा झाला:
केझाया ऑकेंडन, याच पॅरिशमधली स्पिन्स्टर.
स्पिन्स्टर, म्हणजे सूत कातणारी.
केझाया बटणांच्या दुकानात होती,
टकळी तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.
तिसऱ्या रविवारी ती बिरूद टाकून मोकळी झाली.
थर्झाकडे ते राहिलं,
आईच्या शालीसारखं, कुणी न विचारता.

मग एका ओल्या मंगळवारी ‘गॉसिप’.
रेव्हरंडांनी अर्थ आधीच लिहून ठेवला होता:
रिकामटेकड्या बायकांची वटवट.
खालची चिठ्ठी जुनी होती, पिवळी.
तीत लिहिलं होतं, देवाच्या साक्षीनं झालेलं नातं;
आणि मग, बाळंतिणीच्या खोलीत
बोलावून आणलेल्या बायका.

थर्झा तेव्हा नऊ वर्षांची होती, दाराबाहेर.
आत चौघीजणी.
एकीनं पाणी तापवलेलं, एकीनं आईचे गुडघे धरलेले,
आणि सगळ्या बोलत होत्या, रात्रभर,
कुणाची गाय आटली, कुणाचा दीर बोटीवर गेला,
बोलत होत्या, आईला जागं ठेवायला बोलत होत्या.
पहाटे बोलणं थांबलं
तेव्हाच थर्झाला कळलं.
मग केझाया रडली.

तिनं कोरी चिठ्ठी घेतली. लिहिलं:
गॉसिप. धरून ठेवणाऱ्या.
ग्रंथ: नाही. पान: नाही.
ठिकाण: आमची मागची खोली, नोव्हेंबर, दव पडलेलं.

रेव्हरंडांनी चष्मा कपाळावर सारला.
“छापील पुरावा, मिस ऑकेंडन?”
नव्हता.
चिठ्ठी परत आली. चुरगळलेली नव्हती,
एवढा सभ्यपणा त्यांच्याकडे होता.

कोश ‘के’पर्यंत छापून झाला आणि रेव्हरंड वारले.
वटवट छापली गेली, तिसऱ्या अर्थाची हसीही.
उरलेले खण त्यांच्या पुतण्यानं
विस्तव पेटवायला नेले,
त्यामुळे स्पिन्स्टरचा अर्थ लावायला
कुणी पोचलंच नाही.

पुढच्या मार्चमध्ये केझायाची वेळ भरली.
सुईण आली, दोन शेजारणी आल्या.
थर्झा उशाशी बसली.
आयुष्यभर मत न देता बसलेली बाई,
तिला सुरुवात कुठून करावी ते कळेना.
मग म्हणाली,
“त्या शिंपल्याच्या बटणांचा भाव काय गं आता?”
“डझनाला चार पेन्स,” केझाया दात आवळून म्हणाली.
“चार? लूट आहे,” थर्झा म्हणाली.
“आणि हाडाची?”