नळाचं चालत नाही

नळाचं पाणी तिला चालत नाही.
नॉरिचचं पाणी जड,
किटलीच्या बुडाशी चुन्याचा थर धरणारं;
ते घातलं की आठ दिवसांत
पानांच्या कडा करपतात, विडीच्या टोकासारख्या.

वाईला आमच्या घरमालकीणबाई होत्या,
त्यांनाही नळाचं चालायचं नाही.
ओलेत्यानं आडावर जाऊन स्वतः शेंदायच्या,
वाटेत कुणी शिवलं तर
कळशी उपडी, आणि पुन्हा मागे.
मनातल्या मनात मी त्यांना फार हसले होते.

आता मी, वय वर्षं एक्कावन्न,
रात्रपाळीहून येते आणि कोटही न काढता
मागच्या दाराशी ठेवलेल्या पातेल्यात बोट बुडवते.
रात्रीत किती पडलं?
दोन पेरं.
साऱ्या इंग्लंडला म्हणे पावसाचा वीट आलाय,
आमच्या या कोपऱ्यात मी थेंब मोजते.

कॅलाथिया.
शेजारच्या बेरिल थर्लोची ही.
बेरिलचे गुडघे गेले, मग जिना गेला,
मग लेकीनं क्रोमरच्या वृद्धाश्रमात खोली घेतली,
खिडकी उत्तरेला, समुद्राच्या वाऱ्यावर.
"हिला तिथलं सोसायचं नाही," बेरिल म्हणाली.
स्वतःविषयी काही म्हणाली नाही.
कुंडी माझ्या हातात दिली,
आणि गॅसच्या बिलामागे लिहिलेल्या सूचना:
ऊन नको, अंधार नको.
झोत नको, कोंडलेलं नको.
माती ओली हवी, चिखल नको.
हलवू नकोस.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

हलवली.
घर ते केवढं, तरी पाच जागा दाखवल्या,
उपवर मुलीला स्थळं दाखवावीत तशा.
हॉलमध्ये रेडिएटर, खिडकीत गारठा,
स्वयंपाकघरात माझी फोडणी.
प्रत्येक ठिकाणी एक पान पिवळं करून
तिनं नकार कळवला.
शेवटी न्हाणीघर पसंत पडलं.
आता अंघोळ झाली की मी तशीच, केस निथळत,
पटकन बाहेर येऊन दार लावते.
उरलेली वाफ तिची.

दर रविवारी बेरिलचा व्हिडिओ कॉल.
त्याआधी मी नखांची कात्री घेते
आणि तपकिरी कडा, पानाची गोलाई सांभाळत,
कातरून टाकते. कात्रण खिशात.
"कशी आहे?"
"मजेत."
बरी बाजू पुढे करून कुंडी धरते.
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रभर
लोकांच्या रक्ताचे खरे आकडे लिहिणारी मी.

असे सात रविवार.
आठव्याला बेरिल बराच वेळ बघत राहिली,
चष्मा पुसून पुन्हा.
मग म्हणाली, "जरा बाहेरून काप, वैजयंती.
तपकिरीची दोऱ्याएवढी रेघ राहू दे.
हिरव्याला कात्री लागली
की ते पुन्हा सुकतं.
मी अकरा वर्षं तेच केलं."
आणि हसायला लागली.
मीही.
हसता हसता तिला ठसका लागला,
कुणीतरी धावत आलं, चित्र कलंडलं,
क्षणभर तिथलं पांढरं छत दिसलं
आणि कॉल तुटला.

डिसेंबर आहे. चारलाच दिवस मावळतो.
मी डबा भरत असते,
आणि न्हाणीघरात बारीक सळसळ होते,
कोरी साडी घडी करताना होते तशी.
ती पानं मिटून उभी करते,
वांगी रंगाच्या पाठी बाहेर.
लोक म्हणतात, हात जोडते.
मला तर ती
गिऱ्हाईकांना कंटाळून फळ्या लावणारी
दुकानदारीण वाटते.

मधोमध एक नवी सुरळी आहे.
तीन आठवडे झाले, उलगडत नाही.
बेरिलचा नंतर फोन आला, तेव्हा तिनं विचारलं,
मी म्हटलं, आहे तशीच आहे.
खिशातली कात्रणं काढून कुंडीत टाकते.
पातेलं बाहेर ठेवते.
बसला अजून नऊ मिनिटं आहेत.