दाब, धर, सोड

शुक्रवारी रात्री काय झालं ते इथे लिहीत नाही.
एक भांडं पडलं. स्टीलचं होतं,
पोचा आला फक्त.

शनिवारी त्याच्या कंपनीला सुट्टी.
साडेसातलाच तो जीपखाली,
गेल्या निवडणुकीचा फ्लेक्स अंगाखाली घालून.
बाहेर दिसत होत्या दोन टाचा
आणि डिझेल भरलेली वाटी,
माझी, कढी वाढायची.
त्यानं विचारून घेतली नव्हती.
मीही काही बोलले नाही.

शहाऐंशीची जीप. आमच्या लग्नाहून नऊ वर्षांनी थोरली.
वर पांढरा, खाली निळा, त्याच्याही खाली फौजेचा हिरवा.
नखानं खरवडलं की
तिची सगळी सासरं दिसतात.
देवळालीच्या लिलावात सुटली, मग दिंडोरीचा एक द्राक्षवाला,
फवारणीच्या टाक्या ओढल्या तिनं सोळा हंगाम,
मग म्हसरूळला, आमच्याकडे.
तिच्यापायी अंगणातली जास्वंद गेली.

मागच्या महिन्यात कमानपाट्यांचे बुश,
त्याआधी किंगपिन,
त्याआधी रेडिएटर, तो अजून रडतो.
दर वेळी एखादा नट उरतोच.
बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकत म्हणतो,
कंपनीनंच जास्तीचा दिला असेल.
डबा आता एका हातानं उचलत नाही.

या वेळी ब्रेक.
किट भद्रकालीतून आणलं. कोकणी मिस्त्रींनी
गाडीचा नंबर ऐकला आणि माप न विचारता
फळीवरून काढून दिलं.
पण ब्रेकमधली हवा काढायला एकटा माणूस पुरत नाही.

अकराच्या सुमाराला टाचा हलल्या.
"पॅडलवर कुणीतरी लागेल."
कुणीतरी.
मुलगी नागपूरला, घरात आम्ही दोघंच.
मी कणकेचे हात धुतले
आणि 'कुणीतरी' होऊन सीटवर जाऊन बसले.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
खाली कुठेतरी त्यानं निपल सैल केलं,
बाटलीत नळी फुरफुरली
आणि माझा पाय खाली जात राहिला,
अंधारात पायरी आहे म्हणून टाकावा
आणि नसावी, तसा.
सोड.

आधी मागचं डावं, मग मागचं उजवं.
लांबचं आधी, असा नियम आहे म्हणे.
एकमेकांना आम्ही दिसत नव्हतो.
पायाशी गंजानं खाल्लेलं भोक होतं, रुपयाएवढं,
त्यातून त्याचा कान दिसायचा,
ग्रीस लागलेला, पाळीवर दोन पांढरे केस.
तीस वर्षांत त्या कानाकडे
मी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

दाब. धर. सोड.
दुसऱ्या चाकाला, त्यानं म्हणायच्या आत माझा पाय जाऊ लागला.
तिसऱ्याला तो नुसतं "हं" म्हणाला.
चौथ्याला फेस आला नाही,
सरळ तेल आलं, एरंडेलाच्या रंगाचं.
"घट्ट झालं?"
"अर्ध्यावर अडतंय."
"खरं सांग. उतारावर कळेलच."
"मी कधी खोटं सांगितलं?"

बराच वेळ पान्याचा आवाज आला नाही.

मग तो सरपटत बाहेर आला,
पाठीवर उमेदवाराचं अर्धं हसू उमटलेलं,
आणि डावीकडे चढून बसला.
"उतरू नकोस. तूच घे."
चामरलेणीच्या रस्त्याला मी तिला सोडलं,
गिअर पाडून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून,
आणि जिथे बोकडांचा कळप आडवा आला
तिथे दाबलं.
थांबली.
एका बोकडानं बंपर हुंगला.

"डावीकडे ओढते," मी म्हटलं.
"थोडी."
"थोडी नाही."
"बरं, नाही. पुढच्या शनिवारी बघू."

घरी आलो तर फ्लेक्सवर वाटी तशीच,
तळाशी एक वॉशर, उरलेला.
कढीला ती आता चालायची नाही.
मार्कर घेतला आणि तिच्या बुडावर
'जीप' लिहून ठेवलं.