छत्रीमागचं

फोटोत गाडी आहे, पण पुढून.
मागच्या अर्ध्यावर कुणाची तरी छत्री.

छोटी ग्वालटोलीतल्या शेडमध्ये
दोन महिने भांडण चाललंय त्या छत्रीमागचं.
इक्रामुद्दीन म्हणतो, भिया,
टप सरळ शेपटीपर्यंत वाहत गेला असणार,
बसलेल्या बदकाची पाठ.
धारपुरे म्हणतात, छे, काचेखाली पायरी हवी,
नाहीतर दोन दारांच्या गाडीला डौल कसला?
सागवानी साच्यावर पत्रा
सतरा वेळा चढला, सतरा वेळा उतरला.
मी मापं लिहिते. खोडते.

काल जुन्या ड्रायव्हरची मुलगी आली,
सत्तरीची, एक गुडघा धरत.
फोटोकडे तिने पाहिलंच नाही.
म्हणाली, मालक जेवायला गेले की
मी टपावरून घसरायचे.
आणि हवेत हात फिरवला:
इथून सुर्रकन,
इथे जरा अडायचं, फ्रॉक फाटायचा,
मग धप्प.

बघा, पायरी! धारपुरे म्हणाले.
पायरी कसली, पत्र्याचा सांधा निघाला असेल, इक्रामुद्दीन.
ती बशीत चहा ओतत होती.

मी पट्टी खाली ठेवली.
म्हटलं, मावशी, पुन्हा एकदा घसरा.
सावकाश.